ऋणनिर्देशातली गुळणी

ऋणनिर्देश एका पानात बसवा, असं आमच्या मार्गदर्शक बाईंनी सांगितलंय. प्रबंध नव्वद पानांचा, त्यात तक्ते आले, आकडे आले, संदर्भ आले. आणि ज्यांच्यामुळे तो झाला त्यांना म्हणे एक पान! मी म्हटलं, बाई, मला नाही जमायचं. तर म्हणाल्या, "आधी सगळं लिहून काढा, मग कापू." म्हणून लिहितेय. कापायचं तेव्हा कापा.

पहिले आभार क्रीडा मंडळाचे. हे वाचून माझ्या ओळखीची माणसं खुर्चीवरून पडतील, कारण दोन वर्षांपूर्वी याच मंडळाला मी काय काय बोलले ते अर्ध्या स्टेडियमनं ऐकलंय. मंडळानं फतवा काढला होता: वरच्या शिबिरात शिकवणाऱ्या प्रत्येकानं उच्च कामगिरी प्रशिक्षणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करायचा. करायचा म्हणजे करायचाच. मी तेव्हा एक्कावन्न वर्षांची. सत्तावीस वर्षं लांब उडी शिकवत होते. वाळूचा खड्डा नुसता बघून ओल किती आहे ते सांगायचे. आणि आता मला शिकवणार? कोण? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्ज भरला तोसुद्धा पेन मोडेल इतकं दाबून.

माझा आवाज मोठा आहे. मुली मला पाठीमागे 'भोंगा' म्हणतात. मला हे माहीत नाही असं त्यांना वाटतं, म्हणून मीही कधी कळू दिलं नाही.

आता टोळ. खरं तर हे सगळं पान तिचंच आहे. टोळ माझ्याकडे आली तेव्हा सतरा वर्षांची होती. नुसते पाय. पाय, आणि त्यावर कुठेतरी एक मुलगी. गवतातून टोळ उडावा तशी उडायची, म्हणून मीच ते नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. बोलायची फारच कमी. काही सांगितलं की "बरं, मॅडम." शिव्या घातल्या तरी "बरं, मॅडम." सरावात सव्वासहा मीटर सहज मारायची. आसपासच्या छोट्या स्पर्धांत तर बाकीच्या मुली दुसऱ्या नंबरासाठीच यायच्या.

पण राष्ट्रीय स्पर्धेचं मोठं मैदान आलं की तीन उड्या, तिन्ही फाउल. ज्यांनी ही उडी कधी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: धावत यायचं, पांढऱ्या फळीवर पाय पडला पाहिजे, आणि पायाचा अंगठा तिच्या पुढे एक केसभरही गेलेला चालत नाही. गेला की पंच लाल झेंडी वर करतो आणि उडी कितीही लांब असो, मातीमोल. प्रत्येकीला तीन संधी. त्या तिन्हींत ज्या पहिल्या आठात आल्या त्यांना आणखी तीन. टोळला सलग तीन वर्षं मिळून नऊ लाल झेंड्या मिळाल्या होत्या.

मी खापर फोडून मोकळी झाले होते. "मोठं मैदान दिसलं की हिची गाळण उडते," असं मी मंडळाला सांगितलं, तिच्या भावाला सांगितलं, आणि तिच्या तोंडावर तर किती वेळा सांगितलं त्याला मोजमाप नाही. ती म्हणायची, "बरं, मॅडम."

शेवटी मंडळाचं पत्र आलं. पुढच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या आठात आली नाही तर शिबिरातली जागा गेली, वसतिगृहातली खोली गेली. तिच्या भावाचं टायरचं दुकान आहे. "मग दुकानात बसायला ये," असं त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. वाईट माणूस नाही तो, पण ती मुलगी टायर विकायला जन्मली नव्हती. पत्र वाचून तिनं नीट चार घड्या घातल्या आणि बुटांच्या पिशवीत ठेवलं. तेव्हापासून सरावाला आली की बूट काढताना ते पत्र आधी बाहेर यायचं. आमच्या हातात साडेपाच महिने होते.

आणि अशा वेळी मला दर शनिवारी सकाळी शाळेत जायचं होतं.

वर्ग दुसऱ्या मजल्यावर. खुर्चीलाच जोडलेलं एवढंसं लाकडी पान, त्यावर वही ठेवली की कोपर हवेत. आमच्यात एक कुस्तीचे गुरुजी होते, ते त्या खुर्चीत एकदा बसले की दोघांनी धरून बाहेर काढावं लागे. एक पोहण्याचा प्रशिक्षक होता, त्याला आम्ही पाणबुड्या म्हणायचो. बाकी दहा-बारा जण, सगळे केस पिकलेले, सगळे चिडलेले. आणि समोर उभ्या राहिल्या आमच्या बाई. वय चौतीस. गळ्यात कधी शिट्टी अडकवली नाही. आधीचा अभ्यास कशावर, तर क्रेन चालवणारे लोक काम कसं शिकतात यावर! मी पाणबुड्याच्या कानात म्हटलं, "आता आपल्याला उचलून गोदीत ठेवणार." माझं कानातलं बोलणं शेवटच्या खुर्चीपर्यंत जातं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "ठेवायच्या आधी वजन बघावं लागेल."

त्या दिवशीच मला त्या आवडल्या असत्या, पण मी ठरवूनच गेले होते की आवडायच्या नाहीत.

दुसऱ्या महिन्यात त्यांनी काम दिलं. कॉलरला छोटा माइक लावायचा, बाजूला कॅमेरा उभा करायचा आणि सहा सराव जसेच्या तसे टिपायचे. मग ऐकून शब्द न् शब्द लिहून काढायचा, तीन रकान्यांत: वेळ, प्रशिक्षक काय बोलला, खेळाडूनं काय केलं. "एकही शब्द गाळायचा नाही," बाई म्हणाल्या. "'हं' सुद्धा." मी म्हटलं, यात काय मोठंसं! मग लिहायला बसले आणि नाकी नऊ आले. एक मिनिटाचं बोलणं लिहायला पंधरा मिनिटं. माझ्या बोलण्याला तर वीस.

इथे दुसरे आभार, आमच्या ह्यांचे. ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. मंगळवारी दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा आम्ही दोघं आत बसायचो. काउंटरवर माझा संगणक, चारही भिंतींवर चष्मे. ह्यांना टायपिंग चांगलं येतं म्हणून कानाला हेडफोन ह्यांनी लावले. पाच मिनिटांनी काढले, कान चोळले आणि म्हणाले, "अगं, मी तीस वर्षं घरी फुकट ऐकतोय, आता अभ्यास म्हणून पण ऐकायचं?"

"अहो, गप्प लिहा."

"हे पण लिहू का?"

चार मंगळवार गेले. ह्यांनी शेवटी जोड करून दिली. उड्या दोनशे बारा. 'आता!' हा शब्द दोनशे बारा. बाईंनी आणखी एक आकडा मागितला होता, खेळाडूला किती प्रश्न विचारले त्याचा. ते नऊ निघाले. मला बरं वाटलं. नऊ काही कमी नाहीत.

शनिवारी बाईंच्या खोलीत गेले. लहानशी खोली, खिडकीतून खाली गाड्या लावायची जागा दिसते, टेबलावर कागदांचे तीन ढीग आणि एक कुंडी, तिच्यातलं झाड कधीच वाळलेलं. बाईंनी माझे नऊ प्रश्न वेगळ्या कागदावर काढून ठेवले होते. मोठ्यानं वाचायला लागल्या.

"'झोपलीस का?' 'डोळे आहेत की बटणं?' 'किती वेळा सांगायचं?' 'हे काय होतं?' 'वाळू खायची आहे का?'" वाचता वाचता त्यांचा चेहरा अगदी सरळ. "यातल्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला हवं होतं?"

मी म्हटलं, "बाई, मैदानावर असंच बोलतात."

"असेल. मला खरंच माहीत नाही." त्यांनी तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा ओढला. "हा 'आता' कुणासाठी असतो?"

ह्या प्रश्नाची मी वाटच बघत होते. सत्तावीस वर्षांची कमाई होती ती. मी खुर्ची पुढे ओढली आणि सांगितलं, की मी फळीच्या बाजूला उभी राहते. फळीच्या सहा पावलं अलीकडे माझी खूण असते. मुलीचा पाय त्या खुणेवर कसा पडतोय ते मी बघते. पुढे पडला तर 'आता' किंचित लवकर, मागे पडला तर किंचित उशिरा. तो कानावर पडला की मुलगी शेवटची पावलं टाकते आणि फळीवर बरोब्बर येते. हे कुठल्या पुस्तकात नाही. ही नजर आहे.

बाईंनी सगळं लिहून घेतलं. खरंच कौतुकानं लिहून घेतलं. मग विचारलं, "आणि मोठ्या स्पर्धेत तुम्ही कुठे असता?"

"वर. प्रेक्षकांत. खाली सोडत नाहीत."

"तिथून तुमचा 'आता' तिला ऐकू जातो?"

छोट्या मैदानावर मी दोरीला टेकून फळीजवळ उभी असायचे. मोठ्या मैदानावर वीस हजार माणसं, कर्णे, बाजूला शर्यत चाललेली. मी खुर्ची मागे सारली. मग पिशवी उचलली, "तुम्ही क्रेनचं बघा," असं म्हणाले आणि बाहेर पडले. दार आपटलं. खाली येऊन गाडीत बसले, किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. वर खिडकीत बाई उभ्या होत्या. त्यांनी हाक मारली नाही, हात केला नाही. नुसत्या उभ्या राहिल्या, मी निघेपर्यंत.

सोमवारी सकाळी मैदानावर टोळला म्हटलं, "आज घसा बसलाय. तू आपली उड." माझा घसा जन्मात बसलेला नाही. ती म्हणाली, "बरं, मॅडम."

सहा उड्या मारल्या. पाच फाउल. सहावी फळीच्या दोन वीत मागून.

मग मी म्हटलं, "थांब, घसा सुटला." आणि मी एक वाईट काम केलं, ते इथे लिहूनच ठेवते. पाय खुणेवर बरोब्बर पडलेला असताना मी मुद्दाम 'आता' उशिरा दिला. फाउल. पुन्हा उशिरा. फाउल. मग मुद्दाम लवकर दिला, तर एवढी चांगली पळत आलेली मुलगी फळीच्या हातभर अलीकडूनच उडाली. एकदाही तिनं स्वतःहून पाय सावरला नाही. मी हलवेन तशी ती हलत होती.

 उडी मारणाऱ्यानं शेवटच्या पाच-सहा पावलांत फळी बघून आपलं पाऊल आपणच लहान-मोठं करायचं असतं. लहान मूलसुद्धा डबकं ओलांडताना करतं ते. माझ्या टोळला ते येत नव्हतं, कारण मी तिला ते कधी करूच दिलं नव्हतं. सहा वर्षं तिच्या डोळ्यांचं काम माझ्या घशानं केलं होतं. आणि तीन वर्षं तिला भित्री म्हणत होते ती मी.

ती वाळू दाताळ्यानं सारखी करत होती. मी जवळ गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तुझं काळीज लहान नाही, माझं तोंड मोठं आहे. चूक माझी आहे, पहिल्या दिवसापासून. एवढी वर्षं कुणाची माफी मागायची वेळ आली नव्हती, त्यामुळे ती मागतानाही मी ओरडतच होते. शेजारच्या मैदानावरची मुलं खेळ थांबवून बघायला लागली.

टोळनं दाताळं उभं धरलं. "बरं, मॅडम," म्हणाली. मग दाताळं खाली ठेवून, "मग आता?"

मग आता काय, ते मला तरी कुठे माहीत होतं! शनिवारी बाईंच्या खोलीबाहेर उभी राहिले. दार उघडंच होतं. म्हटलं, "दार आपटलं त्याबद्दल सॉरी." बाईंनी समोरची खुर्ची रिकामी केली. "बिजागरी आधीच सैल होती," म्हणाल्या. पुढचे दोन तास आम्ही दोघींनी त्या टेबलावर बसून रोजच्या सरावाची योजना आखली. फळीची जागा रोज थोडी हलवायची. कधी सुरुवातीची खूणच चार बोटं मागे सरकवायची, तिला न सांगता. म्हणजे तिला बघावंच लागेल. आणि मी? मी गप्प बसायचं.

योजनेत सगळ्यात अवघड काय होतं ते कुणी विचारू नका. टोळ पळत आली की माझ्या घशातून 'आता' आपोआप निसटायचा. हात तोंडावर ठेवून पाहिला, बोटांतून निसटला. पाठ करून उभी राहिले, तर पावलांच्या आवाजावर निसटला. वर्गात मी हे रडगाणं गायले तेव्हा कुस्तीचे गुरुजी पोट धरून हसले, पण पाणबुड्या हसला नाही. म्हणाला, "आमची पोरं पाण्याखाली असतात. मी वीस वर्षं काठावरून ओरडतोय, त्यांना एक अक्षर ऐकू येत नाही. ते ओरडणं माझं मलाच लागतं. ताई, तुम्ही तोंडात पाणी धरा."

ह्यांना घरी सांगितलं तर ह्यांनी दोन्ही हात जोडले. "मिठाची गुळणी धरून बसतात असं नुसतं ऐकलं होतं. आमच्या घरी खरंच कुणी धरेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. पाणबुड्यांना माझा नमस्कार सांग." आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पिशवीत दोन लिटरची बाटली ठेवली, वर चिकटपट्टी लावून अक्षरं लिहिलेली: 'औषध. दिवसातून शंभर वेळा.'

तर अशी मी, सत्तावीस वर्षांच्या अनुभवाची प्रशिक्षक, गाल फुगवून फळीजवळ उभी राहायला लागले. टोळ निघाली की घोट भरायचा, वाळूत पडली की थुंकायचा. पहिल्या आठवड्यात दोनदा ठसका लागला आणि एकदा पाणी नाकातून आलं. टोळ त्या दिवशी वाळूत बसून इतकी हसली की तिला उठता येईना. सहा वर्षांत तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

उड्या मात्र वाईट होत्या. एक महिना नुसत्या लाल झेंड्या. दुसऱ्या महिन्यात ती फळीच्या मागे पाऊण हात उडायची, घाबरून. पत्र बुटांच्या पिशवीत होतंच. मला रात्रंदिवस वाटायचं, आपण हिला बुडवतोय. आधी निदान छोट्या स्पर्धा जिंकत होती, आता त्याही गेल्या. एका शनिवारी मी बाईंना म्हटलं, "सोडून देऊ या का?" त्यांनी उलट मलाच विचारलं, "तिला विचारलंत?"

नाही विचारलं. तोंडातलं पाणी थुंकल्यावर मी पुन्हा सूचनाच देत होते. म्हणून सोमवारी पहिल्यांदा, उडी झाल्यावर, खराखुरा प्रश्न विचारला. "तुला काय वाटलं?" टोळ माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी परीक्षेत न नेमलेला धडा विचारलाय. "माहीत नाही, मॅडम." मी थांबले. थांबणं किती जड असतं! मग हळूच म्हणाली, "शेवटून पाचव्या पावलाला जवळ वाटली फळी. पण मला वाटलं, मला उगीच वाटतंय." मी म्हटलं, "उगीच नव्हतं. जवळच होती." ती परत जाऊन उभी राहिली. पुढच्या उडीला पाय फळीवर होता. सगळाच्या सगळा.

त्यानंतरचं सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. दहांत चार, मग दहांत सहा. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात दहांत सात. म्हणजे तीन अजूनही लालच होत्या.

स्पर्धेच्या दिवशी आकाश झाकलेलं होतं, वारा नव्हता. आणि मैदान अर्ध्याहून रिकामं. त्या दिवशी शहरात दुसरं काहीतरी होतं, लोक आलेच नव्हते. मला फळीच्या बरोबर वर, दुसऱ्या रांगेत जागा मिळाली. कर्णे नाहीत, गर्दी नाही. खाली पंच एकमेकांशी बोलत होते तेही मला ऐकू येत होतं. मांडीवर दोन लिटरची बाटली. शेजारच्या बाकावर आमच्या बाई, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लांब उडी समोर पाहिली ती त्या दिवशी.

पहिली उडी. मी घोट धरला. टोळ आली, उडाली, लाल झेंडी. फक्त अंगठा पुढे.

दुसरी उडी. लाल झेंडी.

आता एकच राहिली. ही गेली तर शिबिर गेलं, खोली गेली, परवापासून टायरचं दुकान. टोळ लांब टोकाला खाली बघत उभी होती, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमायला लागली: आज माझा आवाज पोचेल. वारा नाही, गर्दी नाही. सहा पावलांची खूण मला इथून स्वच्छ दिसतेय. एक 'आता', फक्त एक, आणि पाय फळीवर. मुलगी वाचेल. माझी नजर खोटी नाही, बाईंनी सांगावं, खोटी आहे का ती? शिकवणं-बिकवणं सगळं उद्यापासून. मी तोंडातलं पाणी गिळून टाकलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.  'थांबा' म्हणाल्या असत्या तरी मी ऐकलं नसतं.

मी उभी राहिले. टोळनं मान वर केली आणि सगळ्या स्टँडमधून मला शोधून काढलं. इतक्या लांबूनही मला वाटतं तिनं माझे गाल पाहिले, रिकामे. सहा वर्षं ओळखते ती मला. पंचानं हात करून तिला निघायची खूण दिली. आणि ती मुलगी, जिची सगळी जिंदगी त्या एका उडीवर टांगलेली होती, तिनं काय करावं? तिनं माझ्याकडे बघून दोन्ही गाल फुगवले. टम्म. आणि तशीच उभी राहिली, वाट बघत.

बाटलीचं झाकण बाईंनीच उघडून माझ्यापुढे धरलं. मी मोठ्ठा घोट घेतला आणि गाल फुगवून तिला दाखवले. मग तिनं आपले सोडले आणि निघाली.

खुणेवर तिचा पाय पुढे पडला. मला दिसलं. चांगली चार बोटं पुढे. माझा घसा आतून उसळला, पाणी हनुवटीवरून ओघळलं, पण शब्द आला नाही. आणि खाली माझ्या टोळनं शेवटून पाचवं पाऊल जरासं आखडतं घेतलं. चौथंही. कुणी सांगितलं नाही तिला. पाय फळीवर पडला आणि ती वर गेली.

पांढरी झेंडी. सहा मीटर एकोणीस. सहावी जागा, पहिल्या आठात.

बाई टाळ्या वाजवत उभ्याच राहिल्या, मग मला मिठी मारली, आणि मी पाणी तोंडात तसंच धरून रडत होते. थुंकायचं कुठे, समोर पंच! शेवटी गिळलं.

टोळ कठड्याखाली आली. पोटरीला वाळू, दम लागलेला. मी खाली वाकले. ओठांवर हजार सूचना होत्या. मी विचारलं, "तुला काय वाटलं?"

आणि ती बोलली. सहा वर्षांत बोलली नसेल इतकं. "फळी दिसली, मॅडम. जवळ वाटली म्हणून पाय आवरला. आधी नाही दिसायची. मोठ्या मैदानावर पळताना मी तुमचा आवाज शोधत असायचे. येतोय का, आता तरी येतोय का. सगळं लक्ष कानातच असायचं, आणि तोवर फळी येऊन जायची." तिनं वाळू झटकली. "मला वाटायचं, तुम्ही रागावून ओरडत नाही."

तीन वर्षं. मी वर बसून हिला भित्री म्हणत होते आणि ही खाली पळता पळता मला शोधत होती. "नाही गं," मी म्हटलं. "ओरडत होते. प्रत्येक वेळी ओरडत होते."

"बरं, मॅडम," ती म्हणाली आणि हात वर केला. "पाणी आहे का?"

मी बाटली खाली दिली. ती घटाघटा प्यायली, मध्येच थांबली, बाटली उंच धरून उरलेलं पाणी बघितलं आणि झाकण लावून परत वर केली. "निम्मं ठेवलंय. अजून तीन उड्या आहेत, तुम्हाला लागेल."

बाई, बाकीचं काय कापायचं ते कापा. एवढं राहू द्या.